पॅच मारण्याआधीचा रीबूट

सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रत्येक पॅचबरोबर ‘रीडमी’ नावाची एक साधी मजकुराची फाइल यायची. ती वरपासून खालपर्यंत वाचणारी माणसं मला अख्ख्या नोकरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. बाकीचे थेट खाली जाणार, ‘इन्स्टॉल कसं करावं’ या भागातली एक ओळ उचलणार आणि मशीनवर मारणार. आमच्या धंद्यात पॅच लावत नाहीत, मारतात. आणि मारताना जे कळायला हवं ते त्या फाइलीत नेमकं वरच्या अंगाला असायचं. हा पॅच सोलारिस या सनच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे, स्पार्क प्रोसेसरचा आहे की इंटेलचा, याच्या आधी कोणते पॅच अंगावर असायला हवेत, हा आला की कोणते निकालात निघतात, कोणाशी याचं पटत नाही, आणि काम झाल्यावर मशीन लगेच रीबूट करायचं की नंतर केलं तरी चालेल.

२००० नंतरची काही वर्षं मी नवी मुंबईत, महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये युनिक्सची सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर होते. ज्यांना मशीन बंद पडणं परवडत नसे अशा मंडळींकडे, म्हणजे बँका, टेलिफोनवाले, शेअर दलाल यांच्याकडे तेव्हा सनचे सर्व्हर आणि त्यांवर सोलारिस हे समीकरण ठरलेलं होतं. (सनच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. आमच्या टीममधले पुणेकर ही माहिती न विचारता पुरवत.) पासवर्ड बदलून देणं, डिस्कवर जागा करणं, बॅकअप का अडला ते बघणं, ही रोजची कामं. पण शनिवारी रात्री कंपनीची सुमो घ्यायला यायची ती बहुतेक वेळा पॅचसाठी, आणि त्यातही ड्रायव्हरचा पॅच असला की मी डबा जरा मोठा घ्यायचे.

ड्रायव्हरलाच एवढं का भ्यायचं, ते आधी सांगते.

नेटवर्क कार्ड, डिस्क, टेप, प्रत्येक उपकरणाची तऱ्हा वेगळी. कोणत्या रजिस्टरमध्ये कोणता आकडा लिहिला की पॅकेट बाहेर पडतं, बाहेरून पॅकेट आलं की कार्ड प्रोसेसरला कसं हटकतं, हे त्या कार्डाच्या कर्त्यालाच ठाऊक. हे सगळं ज्या प्रोग्राममध्ये लिहिलेलं असतं तो ड्रायव्हर. युनिक्समध्ये वरच्या प्रोग्रामांना या भानगडीत पडावंच लागत नाही. त्यांना ‘डेव्ह’ नावाच्या डिरेक्टरीत उपकरणाच्या नावाची एक फाइल दिसते. उघडा, वाचा, लिहा, बंद करा. त्या फाइलीला मेजर आणि मायनर असे दोन नंबर चिकटलेले असतात. मेजर नंबरवरून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा मध्यवर्ती भाग, ठरवतो की हे काम कोणत्या ड्रायव्हरचं, आणि मायनर नंबर पाहून ड्रायव्हर ठरवतो की आपल्या ताब्यातल्या कितव्या उपकरणाचं.

आता हा ड्रायव्हर चालतो कुठे, तर कर्नलच्या आत, कर्नलच्याच अधिकाराने. तुमचा पगारपत्रकाचा प्रोग्राम चुकला तर तो एकटा मरतो. त्याची ‘कोअर’ फाइल मागे पडते आणि बाकीचं मशीन आपल्या कामाला लागतं. ड्रायव्हरने नको त्या पत्त्यावर लिहिलं तर मात्र सगळं मशीनच ‘पॅनिक’ होतं. सोलारिस अशा वेळी मेमरीचा पंचनामा डिस्कवर उतरवून ठेवतं आणि स्वतःला पुन्हा सुरू करतं. २००१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्सच्या कर्नलचा कोड प्रोग्रामकरवी तपासला, तेव्हा काही प्रकारच्या चुकांचं प्रमाण ड्रायव्हरांमध्ये बाकीच्या कर्नलच्या तीन ते सात पट निघालं. लिनक्सच्या जागी सोलारिस असतं तरी आम्हाला आश्चर्य वाटलं नसतं. कर्नलचा गाभा प्रत्येक मशीनवर रोज घासून निघतो, आणि एखाद्या कार्डाचा ड्रायव्हर ते कार्ड ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच, त्यांच्याकडचा भार असेल तेवढाच.

हे युनिक्सपुरतंच खरं आहे असंही नाही. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरची विंडोज मशीनं पडली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तिथेही गोची हीच होती. चुकीची फाइल वाचणारा भाग ड्रायव्हर म्हणून कर्नलमध्ये बसलेला होता. मशीन सुरू झालं की ड्रायव्हर सुरू, ड्रायव्हर सुरू झाला की मशीन खाली. अपडेट दूरवरून एका फटक्यात गेलं होतं, पण काढायला कितीतरी ठिकाणी माणसाला मशीनपाशी जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून ती फाइल हाताने पुसावी लागली. ती बातमी वाचताना मला महापेची थंडगार खोली आठवली नसती तरच नवल.

सनच्या पॅचला नाव नसे, नंबर असे. आधी सहा आकडे, मग आडवी रेघ, मग दोन आकडे. १०८५२८ म्हणजे स्पार्कवरच्या सोलारिस ८चा कर्नल पॅच, हे आम्हाला घरच्या फोन नंबरासारखं पाठ होतं. रेघेपुढचे दोन आकडे म्हणजे त्याची कितवी आवृत्ती. नवी आवृत्ती जुनीला पोटात घेते, त्यामुळे मधल्या सगळ्या मारत बसायला नको. अंगावर कोणते पॅच आहेत ते ‘शोरेव्ह -पी’ या आज्ञेने कळायचं. नवा मारायचा तो ‘पॅचॲड’ने, काढायचा तो ‘पॅचआरएम’ने. सनच्या सपोर्टचं सोडा, कुठल्याही कंपनीच्या सपोर्टला फोन लावला तरी पहिला प्रश्न ठरलेला: तुमची पॅच लेव्हल काय? ती ताजी नसेल तर ताजी करा आणि मग बोला. निम्मे पॅच आम्ही या एका वाक्यापायी मारले असतील.

बरेच पॅच एकदम गठ्ठ्याने मारले की पडद्यावर ‘रिटर्न कोड २’, ‘रिटर्न कोड ८’ अशा अपयशाच्या ओळी धडाधड यायच्या आणि नवखी मुलं घाबरायची. दोन म्हणजे हा पॅच आधीच मारलेला आहे. आठ म्हणजे ज्या पॅकेजसाठी हा पॅच आहे ते पॅकेजच या मशीनवर नाही. दोन्हींत काळजीचं काही नाही. पंचवीस आला तर मात्र थांबायचं. या पॅचला आधी लागणारा दुसरा पॅच घातलेलाच नाही, म्हणजेच रीडमी कुणी वाचलेली नाही.

आता रीबूट. पूर्वी, सनओएस ४च्या काळात, नवं उपकरण जोडायचं तर त्याचा ड्रायव्हर घेऊन अख्खा कर्नल नव्याने बांधावा लागे आणि त्या कर्नलवर मशीन पुन्हा सुरू करावं लागे. सोलारिसमध्ये ड्रायव्हर ही सुटी फाइल झाली. ‘कर्नल’ डिरेक्टरीत ‘डीआरव्ही’ नावाचा कप्पा असतो, त्यातून हवा तो ड्रायव्हर चालू मशीनमध्येच उचलला जातो. मग वाटतं, जुना उतरवावा, नवा चढवावा, रीबूट हवाच कशाला? काही उपकरणांच्या बाबतीत हे जमतंही. पण ज्या कार्डावरून शंभर लोक कामाला बसलेत त्याचा ड्रायव्हर उतरवायला गेलात तर कर्नल साफ सांगतो, ‘डिव्हाइस बिझी’.

त्याहून नाजूक मामला मधल्या वेळेचा आहे. पॅचॲड डिस्कवरच्या फाइली बदलतं, मेमरीतल्या नाही. म्हणजे पॅच मारून झाल्यापासून रीबूट होईपर्यंत मशीन अर्धं जुनं आणि अर्धं नवं असतं. या अवस्थेत कर्नलला एखादं नवं मॉड्यूल लागलं, तर तो ते डिस्कवरून उचलतो, आणि डिस्कवर आता नवी आवृत्ती आहे. जुन्या कर्नलच्या पोटात नवं मॉड्यूल. कधी निभावतं, कधी मशीन तिथेच झोपतं. रीडमीत ‘सिंगल युजर मोडमध्ये मारा, लगेच रीबूट करा’ असं लिहिलेलं असतं ते यासाठी. पुढे सोलारिस १०मध्ये सनने या मधल्या अवस्थेवर तोडगा काढला. काही मोठ्या पॅचच्या वेळी नव्या फाइली रीबूट होईपर्यंत चालू सिस्टिमला दिसतच नसत.

ड्रायव्हरचा पॅच म्हणजे खरं काम किती? पॅचॲड सुरू केलं की ते अंगावरचे पॅच तपासतं, जागा पुरेल का बघतं, फाइली बदलतं आणि ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ म्हणून मोकळं होतं. चहा निवेपर्यंत आटपतं. आमचा सगळा वेळ जायचा तो परतीची वाट बांधण्यात.

ती वाट दुहेरी असे. पॅचॲड बदललेल्या प्रत्येक फाइलीची जुनी प्रत दाबून ‘व्हार’ डिरेक्टरीत ठेवतं, म्हणून आधी ‘व्हार’मध्ये जागा आहे का ते बघायचं. जागा नसली की काही शहाणे ‘-डी’ हा पर्याय देऊन जुनी प्रत न ठेवताच पॅच मारत. मग पॅचआरएमला परत आणायला काही उरतच नाही. माझ्या हाताखालच्या मुलांना ‘-डी’ला हात लावायची बंदी होती. पण पॅचआरएम चालायला मशीन निदान सुरू तरी व्हायला हवं, आणि ड्रायव्हर डिस्कचा असेल तर तेवढीही खात्री नाही. म्हणून दुसरी सोय. या सर्व्हरांना आत दोन डिस्क असत आणि एकीवर लिहिलेलं सगळं दुसरीवर उमटे. पॅचच्या आधी ही जोडी फोडायची. दुसरी डिस्क सोडवून घ्यायची आणि ती एकटीने बूट होईल अशी तिच्यावरची ‘व्हीएफएसटॅब’ आणि ‘सिस्टिम’ या फाइली दुरुस्त करायच्या. शेजाऱ्यांकडे घराची किल्ली ठेवतात तसंच हे. काही बिघडलंच तर ‘ओके’ प्रॉम्प्टवर दुसऱ्या डिस्कचं नाव देऊन बूट करायचं, की संध्याकाळचं मशीन जसंच्या तसं हजर. पॅच नीट बसला, दोन दिवस सुरळीत गेले, की जोडी पुन्हा जुळवायची.

आणि कन्सोल. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बदलताना त्याच कार्डावरून लॉगिन करून बसलेला माणूसही मी पाहिला आहे. सिरियल पोर्टची केबल हाताशी असल्याशिवाय ही कामं सुरू करायचीच नाहीत.

एवढं सगळं रीडमीत किंवा मॅन्युअलमध्ये मिळतं. मला सांगायचंय ते त्यांत मिळत नाही. पॅच मारण्याआधी मशीन एकदा रीबूट करायचं. काहीही न बदलता, नुसतंच.

२००४च्या सुमारास एका ग्राहकाच्या सन फायर व्ही४८० या सर्व्हरवर नेटवर्क ड्रायव्हरचा पॅच मारायचा होता. सोलारिस ९, कार्ड गिगास्विफ्ट, ड्रायव्हरचं नाव ‘सीई’. मशीन वर्षाहून जास्त काळ अखंड चालू होतं, आणि ग्राहकाच्या मॅनेजरना त्याचा केवढा अभिमान. ते स्वतः रात्री येऊन बसले होते. फॉर्मवर दोन रीबूट बघून म्हणाले, “मॅडम, पॅचनंतर रीबूट होणारच आहे ना? मग हा आधीचा कशाला? उगाच डाउनटाइम.”

मी म्हटलं, “सर, आधीच्या रीबूटमध्ये जे मोडेल ते आधीपासून मोडलेलं आहे. नंतर जे मोडेल ते माझं.”

त्यांना ते फारसं रुचलं नाही, पण सही केली.

रीबूटच्या आधी मी नेहमीच्या सवयीने मशीनची जन्मपत्रिका एका फाइलीत उतरवली. कोणते इंटरफेस वर आहेत, रूटिंग टेबल काय, कोणती मॉड्यूलं चढली आहेत, कोणत्या डिस्क कुठे माउंट आहेत, आणि ‘केस्टॅट’मधून नेटवर्क कार्डाचे सगळे आकडे. मग मशीन खाली घेतलं. व्ही४८० वर यायला वेळ घेतं. स्वतःची मेमरी, प्रोसेसर तपासत बसतं, आणि काळ्या पडद्यावर ओळी सरकताना कुणी फार बोलत नाही. आलं. लॉगिन झालं, पिंग झालं, डेटाबेस उठला. मॅनेजर म्हणाले, “बघा, काही झालं नाही.”

मी तीच यादी पुन्हा काढली आणि दोन्ही फाइलींवर ‘डिफ’ चालवला. प्रोसेस नंबर, वेळा, पॅकेटांची मोजणी असला अपेक्षित फरक सोडला तर एक ओळ वेगळी दिसली. ‘लिंक ड्युप्लेक्स’पुढे आधी २ होता, आता १. दोन म्हणजे फुल ड्युप्लेक्स, जाणं-येणं एकाच वेळी. एक म्हणजे हाफ, एका वेळी एकच. ‘नेटस्टॅट -आय’ पाहिलं तर कोलिजनचा रकाना, जो फुल ड्युप्लेक्सला शून्य असायला हवा, डोळ्यांदेखत वाढत होता. एक मोठी फाइल शेजारच्या मशीनवर पाठवून पाहिली. ती अक्षरशः रांगत होती. पिंग छोटं असतं, ते निसटून जातं, म्हणून पिंगवर विसंबू नये.

नेटवर्कवाल्या मुलाला उठवलं. तो म्हणाला, स्विचवर पोर्ट १०० फुल केलेलं आहे, आमच्याकडून काही नाही. त्याचं खरं होतं, आणि घोळ तिथेच होता. स्विचवर वेग आणि ड्युप्लेक्स ठाम बसवले की स्विच वाटाघाट बंद करतो. सर्व्हरचं कार्ड मात्र वाटाघाटीच्या अपेक्षेने उभं असतं. समोरून उत्तर आलं नाही तरी वेग १०० आहे हे त्याला सिग्नलवरून ओळखता येतं. ड्युप्लेक्स ओळखता येत नाही. मग नियम असा की हाफ धरायचं. एक बाजू फुल, एक बाजू हाफ, आणि दोघं एकमेकांवर आदळत राहतात. वर्षापूर्वी कुणीतरी हे निस्तरलं होतं. ‘एनडीडी’ या आज्ञेने कार्डाला १०० फुलवर बसवलं होतं आणि घरी गेलं होतं. एनडीडीने केलेला बदल मेमरीत राहतो, रीबूटला पुसला जातो. तो कुठल्याही स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये लिहिलेला नव्हता. ते कुणी केलं हे विचारायच्या भानगडीत मी पडले नाही, आणि मॅनेजरही पडले नाहीत.

आता विचार करा, पहिला रीबूट वगळला असता तर काय दिसलं असतं? नेटवर्क ड्रायव्हरचा पॅच मारला, मशीन वर आलं आणि नेटवर्क रांगायला लागलं. गुन्हेगार कोण, यात कुणालाच शंका उरली नसती. पॅच काढला असता. काढल्यावर पुन्हा रीबूट, आणि नेटवर्क तसंच रांगतंय. मग दुसऱ्या डिस्कवरून बूट. तरीही तसंच. सोमवारी सकाळी बाजार उघडायच्या वेळी आम्ही सपोर्टला फोनवर ‘तुमचा पॅच काढूनही जात नाही’ असं सांगत बसलो असतो, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता: पॅच लेव्हल काय?

एनडीडीच्या आज्ञा स्क्रिप्टमध्ये लिहून ती ‘आरसी२’मध्ये ठेवली, आधी हाताने चालवून पाहिली, मग ती स्टार्टअपला खरंच चालते का हे बघायला आणखी एक रीबूट मागितला. मॅनेजर काही बोलले नाहीत, घड्याळाकडे बघितलं. ड्युप्लेक्स २, कोलिजन शून्य. त्यानंतर जोडी फोडली, ओके प्रॉम्प्टवरून सिंगल युजरमध्ये शिरले, पॅच मारला. परत वर आल्यावर ‘मॉडइन्फो’मध्ये ‘सीई इथरनेट ड्रायव्हर’च्या पुढे नवा आवृत्ती क्रमांक दिसला. तो बघणं महत्त्वाचं. पॅचॲड ‘यशस्वी’ म्हणतं ते डिस्कपुरतं. मेमरीत खरोखर कोण चढलंय ते मॉडइन्फो सांगतं. उरलेली रात्र डिफ वाचण्यात गेली आणि त्यात सांगण्यासारखं काही निघालं नाही.

सन २०१०च्या जानेवारीत ओरॅकलने घेतली. पुढच्या वर्षी सोलारिस ११ आलं आणि पॅचॲड गेलं. आता ‘पीकेजी अपडेट’ म्हटलं की गरज असेल तिथे सिस्टिम स्वतःच बूट होण्याजोगी एक नवी प्रत करते, बदल त्या प्रतीत करते, आणि नाही पटलं तर जुन्या प्रतीवर बूट करता येतं. आम्ही डिस्कची जोडी फोडून जे करायचो ते आता आपोआप होतं, आणि मला त्याचा हेवा वाटतो. लिनक्सवरही बहुतेक ठिकाणी नवा कर्नल आला तरी जुना बूटच्या यादीत राहतो.

आज मराठी घरांतही लिनक्सवाले लॅपटॉप दिसतात आणि वाय-फायचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलायची वेळ येतेच. शनिवारची रात्र नको, पण क्रम तोच ठेवा. काही न बदलता एकदा रीस्टार्ट करा आणि सगळं चालतंय ना ते बघा. ‘एलएसपीसीआय -के’ आणि ‘यूनेम -आर’ यांचं उत्तर एका फाइलीत ठेवा. कोणत्या कार्डाला कोणता ड्रायव्हर लागलाय आणि कर्नल कितवा, हे त्यांतून कळतं. मग अपडेट करा, रीस्टार्ट करा, पुन्हा तीच दोन उत्तरं काढा. बाहेरून आणलेला ड्रायव्हर असेल तर सिक्युअर बूट चालू आहे का ते आधी तपासा. ते चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल चढवूच देत नाही, आणि असं झालं की वाय-फायचं चिन्हच गायब होतं. तेव्हा अपडेटचं बटण दाबण्याआधी फोनची यूएसबी केबल शोधून ठेवा. वाय-फाय नसताना दुरुस्तीचं पॅकेज उतरवायला फोनचंच इंटरनेट लॅपटॉपला जोडावं लागतं, आणि चार्जिंगपुरत्या स्वस्त केबलीतून ते येत नाही.